कोळशाची डबी

जीवनचे दोन्ही हात कॉटच्या दांड्यांना बांधले होते. उजवा निपचित पडून होता. डावा मात्र मनगटातून वरखाली होत होता, पाठीवरच्या फवारणीच्या पंपाचा दांडा मारावा तसा. वर्षाने तो दोनदा धरून पाहिला. मग सोडून दिला.

शेजारच्या कॉटवर नुकताच आणलेला एक म्हातारा होता. तहानेच्या भरात फवारणीच्या औषधाची बाटली पाण्याची समजून त्याने तोंडाला लावली होती. नर्सबाई त्याला पेल्यातून काळंभोर काहीतरी पाजत होत्या.

"काय पाजून राह्यल्या, ताई?" वर्षाने विचारलं.

"कोळसा आहे, औषधाचा. पोटातलं विष धरून ठेवतो."

वर्षा उठून उभी राहिली. "मंग आमच्या माणसालेबी द्या ना."

"त्यांच्या पोटात नाही गेलं, बाई. फवारताना श्वासातून गेलंय, कातडीतून गेलंय."

"पण यांच्या तोंडावर कोळसाच होता, मास्कमंधी."

पोळ्याच्या आधी तिनेच तो मास्क आर्णीहून आणला होता. पुढे गोल डबी, डबीत कोळसा. हवेतलं औषध तो ओढून घेतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. यंदा कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा उलटून तोंडावरच यायचा. मास्क लावल्यावर वास येत नाही म्हटल्यावर जीवन लोकांच्या वावरातही फवारायला जाऊ लागला. तीही निर्धास्त झाली होती.

जीवनला तपासायला आलेला तरुण डॉक्टर हे ऐकत होता. "ती डबी मध्ये बदलली होती का?"

"बदलवा लागते?"

"कोळसा भरला, की पुढचं काही धरत नाही तो."

"भरूच नाही देली मी," वर्षा घाईने म्हणाली. "रोज सांजीले साबण लावून धुवत होती. काळं पानी जाईपर्यंत. मागल्या हप्त्यात हे म्हणे, वास येऊन राह्यला. मंग अजून घासून धुतली."

डॉक्टरने जीवनची पापणी वर करून बाहुली पाहिली. नर्सबाईंना सुईचं काहीतरी सांगितलं.

"धुवाची नसते का, साहेब?"

"नसते, ताई. भिजला की कोळसा कामाचा राहत नाही," तो हळू आवाजात म्हणाला, आणि पुढच्या कॉटकडे गेला.

वर्षा खाली फरशीवर बसली. दोन्ही तळवे उघडे करून तिने मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. रडू आलं नाही.

दुपारी जीवनचा चुलतभाऊ खेमसिंग तांड्यावरून भाकरी घेऊन आला. ती तिने उशाशी ठेवून दिली. तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, मास्क घरीच हाय का? उद्या माह्या वावरात फवारनी हाय."

"नोको नेऊ. त्यात काही नाही आता."

"काही नाही?"

"मी धुतला तो. तू उद्या जाऊच नोको."

"बोंडअळी थांबते का, वहिनी?"

खेमसिंगने जीवनकडे पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला.

"बरं," तो म्हणाला. "मंग हाच बांधतो."