झोपेपुरता आवाज

मुलांनो, कल्पना करा, दुकानात तुमच्यासमोर दोन कीबोर्ड ठेवलेत आणि घरी न्यायचा एकच आहे. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या संघमित्राचं अगदी असंच झालं. एक गेमिंगचा, लाल-निळे दिवे लुकलुकणारा, पण खूप वाजणारा. तिचं मन त्याच्यावरच जडलं होतं. दुसरा शौकिनांचा मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा खटका असलेला; दिसायला साधा, पण याचे खटके मऊ, आवाज जवळजवळ नाहीच. तिचे बाबा पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये, जिथे तापलेलं लोखंड लाटतात तिथे, नाइट शिफ्ट करून येत आणि दिवसा झोपत. क्वार्टर दोन खोल्यांचं. घरातल्या जुन्या कीबोर्डच्या खडखडाटात त्यांची झोप होत नसेल, आणि अपुऱ्या झोपेने तापलेल्या लोखंडापाशी उभं राहणं धोक्याचं, म्हणून तिने दिव्यांचा कीबोर्ड मागे सरकवला.

दुसऱ्या दिवशी ती टाईप करत असताना बाबा दचकून उठले.

“काय झालं वं माय? काम बंद कावून केलं?”

“बंद नाही केलं, बाबा. याचा आवाजच येत नाही. तुमाले झोप लागावी म्हणून हाच घेतला.”

बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “गुणाची माही बाई! पण मिलमदी आवाज थांबला का समजाचं, काईतरी अडलं. शांत झालं का मले जागच येते. तुही खटखट आयकू आली का वाटते, पोरगी घरी हाय, अभ्यास करून राहिली. मंग निवांत झोपतो मी.”

या कीबोर्डचे बटणांखालचे खटके बदलता येतात. संघमित्राने कीबोर्डसोबत खोक्यात आलेले वाजणारे खटके एकेक करून बसवले, आणि मधलं दार सताड उघडून टाईप करायला बसली.