एका अंगाचे बाण

जिंतूरच्या डोंगरातून गावोगावचे हौशी लोक मिळून पायी भटकंती करणाऱ्यांसाठी लांब पल्ल्याची पायवाट तयार करत होते. सासरच्या गावापासून सडकेपर्यंत दगडांवर पिवळे बाण रंगवायचं काम शिवकन्यानं मागून घेतलं होतं. शेवटचा बाण सडकेशी काढून झाला आणि लांबून एसटीचा आवाज आला. तिनं पिशवी उचलली.

तेवढ्यात काम बघत बघत भावकीतला योगीराज मागून आला.

"वहिनी, बाण एकाच अंगाला काढलेत की तुमी. परत येणाऱ्याला काय दिसावं?"

"परत यायचं ध्यानातच आलं न्हाई, भावजी."

"मग चला, दोघं मिळून आत्ताच उरकू. रंग हाय अजून," तो भल्या मनानं म्हणाला.

एसटी थांबली. कुणी चढेना म्हणून निघून गेली. शिवकन्यानं पिशवीतल्या दोन साड्यांखालून ब्रश काढला आणि दगडामागून दगड, घराकडं तोंड केलेले बाण काढत ती माघारी आली. शेवटचा बाण दारासमोरच्या दगडावर उतरला. सासू उंबऱ्यात बसून बघत होती.

"बेस केलंस," ती म्हणाली. "आता घराची वाट कुणाची बी चुकायची न्हाई."