गोल कोपरे

पडद्यावरच्या चौकोनी लाटेचे कोपरे गोल आले.

दुकानातल्या बाईला त्याचं काहीच वाटलं नाही. थोरला मात्र पडद्याकडे बघतच राहिला. अगदी असेच गोल कोपरे त्याने अकरा वर्षांपूर्वी पाहिले होते, आणि त्या दिवसापासून त्याचा सख्खा धाकटा भाऊ त्याच्याशी बोलत नव्हता.

थोरल्याचं यंत्रं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. तिथला जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे बोर्डातल्या विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, एकदाचा बंद पडला, म्हणून तो नवा घ्यायला आला होता. तासभर त्याने बाईचं डोकं खाल्लं होतं. आल्या आल्या सगळ्यात मोठ्या पडद्याच्या स्कोपवर हात ठेवला. यात काय काय बघायचंय तुम्हाला, असं बाईने विचारलं, तर म्हणाला, सगळं. सगळं बघायचं असेल तर खिडकी उघडा, स्कोप घ्यायचा तर आधी काम सांगा, असं ती तोंडावर म्हणाली. मग गडी जरा वठणीवर आला. त्याने आपली कामं सांगितली. पॉवर सप्लाय, मोटरचे बोर्ड, असलंच सगळं. तिने मधल्या आकाराचा एक स्कोप पुढे सरकवला आणि याच्यावर एक पैसाही जास्त घालू नका म्हणून बजावलं.

वायरीच्या टोकाचा, बोर्डावर टेकवायचा प्रोब मात्र नको, असं थोरला म्हणाला. माझा आहे. त्याने पिशवीतून जुना प्रोब काढून दिला. स्कोपच्या पुढच्या बाजूला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. तिथे यंत्र स्वतःच एक चोख चौकोनी लाट तयार करून देतं. बाईने प्रोबचं टोक त्या पट्टीला अडकवलं, आणि चोख लाट पडद्यावर गोल कोपऱ्यांची होऊन आली.

"हा दुसऱ्या स्कोपचा आहे ना?" ती म्हणाली. "प्रोब बदलला की आधी इथे लावून बघायचा. नाहीतर चांगल्या बोर्डातही हा खोट दाखवणार."

तिने प्लास्टिकचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि प्रोबवरचा इवलासा स्क्रू जरासा फिरवला. कोपरे वर आले आणि काटकोनात उभे राहिले.

दर वेळी करायचं का हे, असं त्याने विचारलं. दर वेळी, ती म्हणाली, माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर असतं. थोरल्याने ते पुस्तक कधी उघडलंच नव्हतं. बटणं दाबून दाबून तो स्कोप शिकला होता, आणि पुस्तकं वाचणाऱ्यांची टिंगल करण्यात त्याला मोठी धन्यता वाटायची. रोजच्या कामात लाट येते की नाही, एवढं कळलं तरी त्याचं भागायचं. कोपरे त्याने आयुष्यात एकदाच निरखून पाहिले होते.

तेव्हा वर्कशॉप दोघा भावांचं होतं. पहिलंच मोठं काम आलं होतं, एका कारखान्यातल्या पॅकिंग मशीनचा बोर्ड. धाकट्याने तीन महिने खपून तो बनवला. कारखान्याची पाच माणसं बघायला आली. नेमकी त्याच सकाळी स्कोपच्या प्रोबची वायर तुटली होती, म्हणून थोरल्याने खणातला दुसरा लावला. पाच जणांसमोर तो धाकट्याच्या बोर्डावर टेकवला आणि कोपरे गोल आले. असल्या लाटेवर मशीनची सुरी वेळेवर पडणार नाही, असं म्हणून कारखान्याच्या साहेबाने तोंड वाकडं केलं. ते थोरल्याला सहन झालं नाही. सगळ्यांच्या देखत तो भावाला म्हणाला, "तीन महिने घालवून ही घाण केलीस? तुझ्याच्याने नाही व्हायचं. सोड हा धंदा."

धाकटा खाली मान घालून उभा राहिला. मग आपली बॅग उचलून निघून गेला. ज्याअर्थी गप्प आहे त्याअर्थी चुकलाय, असं थोरल्याने धरलं. आता धाकटा शाळेची बस चालवतो. सोल्डरिंगला त्याने पुन्हा हात लावला नाही, असं थोरल्याच्या बायकोला तिच्या जावेकडून कळलं होतं.

इतकी वर्षं थोरला एकाच गोष्टीवर तग धरून होता. मी कडक बोललो, पण खरं तेच बोललो. यंत्र काय खोटं बोलतं का, असं तो बायकोला शंभरदा म्हणाला असेल. आता बोलायला तेवढंही उरलं नाही. उद्या येतो, असं काहीतरी पुटपुटून तो दुकानाबाहेर पडला आणि पायरीवर बसला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. फोनमध्ये भावाचा नंबर होता. कधी लावला मात्र नव्हता.

धाकट्याने लगेच उचलला. थोरल्याने दम न घेता सगळं सांगून टाकलं. प्रोब, स्क्रू, पहिलं पान. बोर्ड चांगला होता तुझा, चुकलो मी, असंही म्हणाला.

पलीकडे बसच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. धाकट्याने इंजिन बंद केलं.

"माहीत होतं मला, दादा. तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"पाच माणसं उभी होती समोर. त्यांच्या देखत तुला कसं खोटं पाडायचं? म्हटलं, राग उतरला की हाक मारशील, तेव्हा सांगू." मग तो म्हणाला, "वर्षभर दुसरी नोकरी धरली नव्हती मी."