रानपुदिन्याचा वाफा

“काका, बाजूला व्हा. औषध अंगावर उडेल,” सोसायटीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

तळमजल्यावरचा म्हातारा रानपुदिन्याच्या वाफ्यात मधोमध उभा होता. जांभळे तुरे त्याच्या गुडघ्यांना लागत होते. कोवळ्या उन्हात सगळा वाफा मधमाश्यांनी घुमत होता. समोर फवारणीवाला पाठीवर पंप घेऊन उभा होता, खाली मान घालून.

चार वर्षांपूर्वी इथे नुसता राडारोडा होता. म्हाताऱ्याने तो घमेल्या-घमेल्याने उपसला आणि ओढ्याकाठची रोपं आणून लावली. पहिल्या वर्षी एकही माशी फिरकली नाही. दुसऱ्या वर्षी एक आली, तेव्हा तिच्याकडे बघता बघता त्याच्या हातातला चहा थंडगार झाला. आता त्या इतक्या झाल्या होत्या की परवा एक अध्यक्षबाईंच्या नातीला चावली. बोट टम्म फुगलं. लगेच बैठक बसली आणि वाफा साफ करायचा ठराव झाला.

“पोरीला चावली त्याचं मला वाईट वाटतं,” म्हातारा म्हणाला. “तिच्या वाटेवरची रोपं मी कालच काढली. बाकीची राहणार.”

“ठराव झालाय, काका.”

“कुंपणावरचे भोपळे घरी नेताना कुणी ठराव केला नव्हता. माश्या नव्हत्या तोवर त्या वेलाला नुसती फुलंच यायची.”

जिन्यात कुणीतरी खुसकन हसलं. बाई तापल्या. “तुम्हाला औषधातलं काय कळतं? कुणाला काही होत नाही त्याने.” त्या फवारणीवाल्याकडे वळल्या. “आणि अहो, तुम्ही बघत काय राहिलात? मारा.”

फवारणीवाल्याने नळी उचलली.

“मार,” म्हातारा त्याला म्हणाला. “पण आधी माझ्यावर.”

नळी तशीच हवेत राहिली. मग फवारणीवाल्याने कॉक बंद केला, खांद्यावरचे पट्टे सोडले आणि पंप जमिनीवर ठेवला.

“मला नाही जमणार, बाई.”

“एका म्हाताऱ्याला घाबरलात?”

“घाबरलो नाही. हे काम मला यांनीच शिकवलं. बावीस वर्षं असाच पंप यांच्या पाठीवर होता. शहरातलं एक झुडूप यांनी फवारल्यावाचून सोडलं नाही.”

बाईंनी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“खरं आहे,” तो म्हणाला, आणि वाफ्यातून हलला नाही.