डावी बाही

"या ताई, बसा. नवा कोट शिवायचाय की दुरुस्ती आहे?" मास्तरांनी मशीन थांबवून विचारलं.

लेक दारातच थबकली. बारा वर्षांनी ती या घरात पाऊल ठेवत होती. पुढे शिवणकामाची खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये तोच पडदा. बापाने तिला 'ताई' म्हणायची ही पहिलीच वेळ. एरवी तिला एकच नाव होतं, 'कार्टे'.

आई पडद्याआडून लगबगीने आली आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेली.

"पत्रात लिहिलं होतं ना तुला? मेंदूत रक्तस्राव झाला. माणसं सगळी पुसली गेली. हात तेवढे शाबूत राहिले, काम जमतं. मला घरमालकीण समजतात." आई हसली, आणि चक्क लाजली. "पाणी दिलं तरी 'उपकार झाले' म्हणतात गं. पाच महिन्यांत एकदा आवाज चढवला नाही."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मास्तरांची जिवंतपणीच गेली होती, आणि आईला एवढ्या वर्षांनी एक बरा नवरा मिळाला होता. तिचा राग तरी कसा करायचा?

पत्राच्या शेवटी आईने लिहिलं होतं, 'ये. ते आता ते राहिले नाहीत.' लेक मात्र स्वतःचं एक वाक्य घेऊन आली होती. माझा हात तुम्ही मोडलात, एवढं एकदा तुमच्या तोंडाने म्हणा. दुसरं काही नको होतं तिला. माफी तर नकोच होती.

"मी त्यांना विचारणार आहे," ती म्हणाली.

"नको, तुझ्या पाया पडते. जुनं उकरून काय हाती लागणार? ज्याने केलं तो गेला."

"गेला? मला न विचारता कसा गेला?"

आईने फडकं उचललं. ती उगाचच ओटा पुसायला लागली.

लेक बाहेर येऊन मास्तरांसमोरच्या स्टुलावर बसली. वाक्य जिभेवर होतं. पण मास्तर तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते, ते तिच्या कोटाच्या डाव्या बाहीकडे बघत होते.

"हा कोट कुणी शिवला?"

"तयार घेतलाय."

"तरीच. उठा जरा." त्यांनी गळ्यातली टेप काढली. खांद्यापासून मनगटापर्यंत त्यांची बोटं अलगद फिरली, आणि लेकीने श्वास रोखून धरला. "डावा हात पुरता सरळ होत नाही तुमचा. कोपर वाकडा जुळलाय. म्हणून इथे चुण्या पडतात, बघा. बाही पाऊण इंच आखूड करायची आणि कोपराला थोडा झोल द्यायचा, की कुणाला कळायचंसुद्धा नाही. लहानपणी मोडला होता?"

"नऊ वर्षांची होते."

"पडलात?"

पडली जिन्यावरून. आईने डॉक्टरांना हेच सांगितलं होतं, शेजारणींना हेच, शाळेतल्या बाईंनाही हेच. लेकीने पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली आईची पावलं दिसत होती.

"नाही. वडिलांनी मोडला."

मास्तरांचा हात थांबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं, हेच तर वाईट होतं.

"नऊ वर्षांच्या पोरीचा?" ते म्हणाले. "कसला माणूस म्हणायचा! हात कसा उचलवतो अशांना?"

"तेच विचारायला आले होते."

"मग? विचारलंत?" टेप गुंडाळता गुंडाळता त्यांनी हळूच विचारलं, "आहेत का वडील?"

लेकीची नजर पुन्हा पडद्याकडे गेली. खालची पावलं हलली नाहीत. दुकानाच्या दारावरून कुणीतरी हसत-बोलत निघून गेलं. ज्याला तोंडावर विचारायचं तो समोर उभा होता, आणि तिच्या बाजूने डोळे पुसत होता. भांडायचं तरी कुणाशी?

"ठाऊक नाही," ती म्हणाली.

"असोत नसोत. तुम्ही जीव जाळू नका." मास्तरांनी खडू कानामागून काढला. "कोट आज इथेच बसून घेऊन जा. पैसे नकोत. एवढं आमच्याकडून."

आई बाहेर आली. तिचा चेहरा मोकळा झाला होता, मोठं संकट टळल्यासारखा. "बघितलंस?" ती लेकीच्या कानाशी पुटपुटली. "देवमाणूस झालाय."

लेकीला खरंच रडू आलं. हा माणूस तिला आवडला असता. नऊ वर्षांची असताना हवा होता, नेमका हाच. ती अंगातला कोट नीट ओढून उभी राहिली. एकदा वाटलं, त्याला बाबा म्हणावं.

"बाही कुठवर येते ते सरळ पट्टीनं बघतो, म्हणजे घोळ नको," मास्तर म्हणाले.

मशीनमागे भिंतीशी कापड मोजायचा लाकडी गज उभा होता. कडा झिजलेला, एका टोकाला पितळी पत्रा मारलेला, तोच. मास्तरांनी मागे न बघता तो बरोबर हातात घेतला आणि वळले.

लेकीचा डावा हात आपोआप वर गेला आणि कपाळासमोर आडवा आला. आई भिंतीला लागली होती, मान खाली घालून, दोन्ही हात डोक्यावर.

मास्तर गज घेऊन तसेच उभे राहिले. आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. त्यांना काही उमजेना.

"हात खाली घ्या, ताई," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "असा वर धरलात तर माप चुकेल."