भिंतीचं भाडं

"फक्त एक अट आहे," पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला. "भिंतीवर चेंडूचा डाग दिसता कामा नये."

निवृत्त ग्रंथपालांनी मान डोलावली. घराच्या गल्लीकडच्या भिंतीवर कंपनी एक निळी टाकी रंगवणार होती आणि त्याचं दरमहा भाडं देणार होती. कुठे जायचं नाही, काही करायचं नाही. भिंत आपली होती तिथे उभी राहून कमावणार होती. त्या पैशांत देखभालीच्या मावशींना सकाळपुरतं न ठेवता दिवसभर ठेवता येणार होतं. पडून कंबर मोडल्यापासून ग्रंथपालांची बायको अंथरुणाला खिळली होती. दुपारी तिला कुशीवर वळवताना त्यांचे हात कापायचे. एकदा ती हातातून निसटली होती. तेव्हा ती ओरडली नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागलं होतं.

रंगारी आला. भिंतीवर खाली कोळशाने तीन स्टंप काढलेले होते. त्यांच्या बरोबर पलीकडे, आत, बायकोचा पलंग होता. रंगाऱ्याने पहिला हात त्या स्टंपांवरूनच फिरवला.

गल्लीतली पोरं बॅट घेऊन बघत उभी राहिली. त्यांना सांगणं आता ग्रंथपालांकडे आलं. नोकरीभर त्यांनी 'शांतता राखा'ची पाटी नुसती बोटाने दाखवली होती, तोंडाने म्हणायचा धीर झाला नव्हता. रोज दुपारी ते पुढच्या खोलीत वाचायला बसले की भिंतीवर चेंडू आदळायचा. पोरं कडाकडा भांडायची आणि मग, का कोण जाणे, एकदम गप्प व्हायची. तेवढ्यात वाचायची ओळ हरवलेली असायची. पण आज पाठीशी कंपनी होती.

"इथे खेळायचं नाही," ते रंगाच्या डब्याकडे बघत म्हणाले. "कंपनीचा नियम आहे."

"पण आजोबा, आजी..." पोरांतला चष्मिस पुढे झाला.

"आजींनाही आराम हवा."

"चल रे," लंबूने त्याला ओढलं. "टाकी पाणी भरते, आपण हवा खाऊ."

गल्ली शांत झाली. त्या दुपारी ग्रंथपालांनी एका बैठकीत अख्खं प्रकरण वाचून काढलं. बायकोला त्यांनी भाड्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. तुमचे हात सुटतील."

मग तिचं जेवण कमी झालं. मावशी आर्जवं करायच्या, "आजी, चार घास तरी." ती दोन घ्यायची, तेही मावशींसाठी. डॉक्टर येऊन गेले. नवीन काही नाही, मन रमवा, म्हणाले. ग्रंथपाल तिला वाचून दाखवायला लागले. "छान आहे हो," ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. तळहात भिंतीला टेकलेला.

"गार वाटतं का गं?"

"हं."

एका दुपारी ते पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत बसले होते. आतून बायकोचा आवाज आला.

"मावशी, खिडकीतून बघा हो जरा. आलीत का पोरं?"

"नाही आजी. आता कशाला येतील? आजोबांनीच मनाई केलीय ना त्यांना."

"मग राहू द्या. ह्यांना काही बोलू नका. भाडं बुडेल, आणि पुन्हा सगळं त्यांच्या अंगावर पडेल."

ग्रंथपालांनी पान उलटलं. ते वाचलेलंच नव्हतं म्हणून परत मागे आणलं. मग पुस्तक मिटून पायांत चपला सरकवल्या.

पोरं ट्रक उभे करायच्या जागेत, दोन ट्रकांच्या मधे खेळत होती. ग्रंथपाल जवळ जाऊन उभे राहिले. दाखवायला इथे पाटी नव्हती.

"या," ते म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "परत या खेळायला."

"आणि कंपनी?" लंबूने विचारलं.

"कंपनीला मी सांगतो."

"तुम्ही?" पोरांना हसू आवरेना. ग्रंथपालांनाही आलं. घरी गेलो तर कच खाऊ, म्हणून त्यांनी तिथूनच फोन लावला. "टाकीवर डाग पडणार आहेत," ते म्हणाले. "आजच."

"मग भाडं बंद, आजोबा."

"बंद तर बंद."

घरी आल्यावर त्यांनी मावशींना खाली मान घालून सगळं सांगितलं. उद्यापासून पुन्हा सकाळपुरतंच. मावशींचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "चादरीसकट वळवायचं शिकवून ठेवते तुम्हाला. हातांवर भार येत नाही."

तोवर बाहेर पोरांनी टाकीच्या निळ्या पोटावर, जुन्याच जागी, स्टंप काढले होते. ग्रंथपाल दारात जाऊन उभे राहिले. बायकोला गलका हवासा वाटत असेल, सोबत वाटत असेल, असं त्यांच्या मनात आलं. लंबूच्या हातात बॅट होती. चेंडू भिंतीवर आदळला.

"आउट!"

"कसला आउट? स्टंपाच्या बाहेरून गेला!"

"डोळे फुटले का तुझे?"

कॉलर धरल्या गेल्या. ग्रंथपाल घाबरून पुढे झाले. इतक्यात सगळे गप्प झाले आणि भिंतीकडे बघत राहिले.

आतून भिंतीवर कुणीतरी ठोकलं. जरा थांबून पुन्हा एकदा ठोकलं.

"दोनदा म्हणजे आउट," चष्मिस त्यांना हळूच म्हणाला. लंबूने मुकाट्याने बॅट खाली ठेवली.

ग्रंथपालांनी भिंतीकडे पाहिलं. "अरे, पण तिला तर इथलं काहीच दिसत नाही."

"म्हणूनच तर त्यांना अंपायर केलंय, आजोबा. चेंडू कुठे लागला ते भिंतीतून कळतं, पण कोण खेळतंय ते त्यांना कळत नाही."