अकरावा खेळाडू

डेल्फिनाने ते नाव पुन्हा खोडलं. इस्माएल ओरेगो, लेफ्ट विंगर.

अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात, आपल्या वस्तीच्या फुटबॉल क्लबचं पान तिनेच मुक्त ज्ञानकोशात सुरू केलं होतं. त्या कोशात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. राखण करणाऱ्याला पगार नाही, शिव्या मात्र नियमित. दर रविवारी कुणी बिननावाचा माणूस १९७६च्या, म्हणजे तिच्या जन्माच्या आदल्या वर्षीच्या संघात हे नाव घुसडून जायचा. छापील यादीत दहाच नावं होती, आणि छापील पुराव्याशिवाय कोशात काही टिकत नसे. तिला या झटापटीचा अगदी वीट आला होता.

"परत तोच का गं?" आईने येर्बाचा कडू चहा तिच्यापुढे ठेवला.

"तोच. म्हणतो, मी त्याला खेळताना पाहिलंय."

"मग पाहिलं असेल."

"पाहून भागत नाही, आई. पुरावा लागतो. काल शेवटचं बजावलंय, पुरावा दे, नाहीतर कायमची बंदी."

"तुमचा कोश म्हणजे पोलीस चौकीच झाली की. त्या वर्षी सत्ता बळकावून लष्कराने ज्यांना उचलून नेलं, त्यांची नावं छापायची कुणाची छाती होती?"

डेल्फिनाने चहाचा घोट घेतला. बाबा असते तर त्यांनी विषय बदलला असता. त्यांना फुटबॉलचं नाव काढलेलं खपत नसे. लहानपणी ती गल्लीत डाव्या पायाने चेंडू मारू लागली, की ते खिडकी लावून घेत.

आई रॅव्हिओली उकडायला पाणी ठेवायला आत गेली. गेल्या वर्षी वाचनालयात कॉम्प्युटर शिकल्यापासून तिचा स्वयंपाक उशिरानेच व्हायचा.

डेल्फिनाने कंटाळत पानावरची एक तारीख सुधारली. लॉग-इन करायचं राहूनच गेलं. नाव न देता लिहिलं, की कोश त्या घरच्या इंटरनेटचा क्रमांक छापतो. तिच्या दुरुस्तीपुढेही तो उमटला. इतके रविवार पाहून तो तिला पाठ झाला होता. तो त्या बिननावाच्या माणसाचा क्रमांक होता.

तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भांडी वाजत होती.

मग तिने पानाची चर्चा उघडली. ती सकाळी बाजारात गेली असताना तिच्या कालच्या इशाऱ्याखाली त्याच क्रमांकावरून उत्तर आलं होतं.

"पुरावा आहे. तो पुरावाच दर रविवारी माझ्या हातचा चहा पितो, आणि आपल्या बापाचं नाव खोडतो."